चंपतच्या नावाची भाकर

पहिली भाकर तव्यावरून उतरली, आणि प्रयागबाईनं ती सरळ टोपलीत टाकली!

पीठ मळणाऱ्या गिरजेचे हात जागच्या जागी थांबले. तिनं टोपलीकडं पाहिलं, भिंतीतल्या रिकाम्या देवळीकडं पाहिलं, आणि मग भीतभीत थोरल्या जावेच्या तोंडाकडं पाहिलं. ते तोंड चुलीच्या जाळानं लाल झालं होतं की आणखी कशानं, हे काही तिला कळेना.

“बाई... ते तर त्याइची भाकर होती ना?”

“आजपासून त्याची भाकर या घरात नाई,” प्रयागबाई म्हणाली, आणि तिनं दुसरा उंडा एवढ्या जोरानं थापला की परात वाजली.

आता ही भाकर काय प्रकरण होतं ते सांगितल्यावाचून पुढं जाता येणार नाही. वाशिमच्या माळीपुऱ्यात प्रयागबाईच्या नवऱ्याच्या, पुंजाजीच्या घरची एक जुनी रीत होती. घरातलं माणूस परगावी गेलं, की ते परत येईपर्यंत रोजची पहिली भाकर त्याच्या नावाची. ती देवळीत झाकून ठेवायची, आणि दिवस कलला की दारी येईल त्याच्या, नाहीतर गाईच्या मुखी घालायची. मग तो माणूस जिथं असेल तिथं उपाशी निजत नाही, अशी त्या घराची भाबडी, पण पोलादासारखी पक्की श्रद्धा! पुंजाजीचा धाकटा भाऊ चंपत लढाईच्या दिवसांत समुद्रापार बसऱ्याला गेला, तेव्हापासून या रीतीला एक दिवसाचा खाडा नव्हता. प्रयागबाईला ताप आला, हात भाजला, भाचीच्या लग्नाची घाई होती... पण चंपतची भाकर आधी, मग जग! आणि बाई तरी काय गप्प बसणारी! भाजीबाजारात, विहिरीवर, देवळात, जिथं चार बायका भेटतील तिथं तिचं एकच पालुपद चाले, “माह्या चंपतची भाकर निघाल्याबिगर आमच्या घरी कोनाच्या पोटात घास जात नाई बाप्पा!”

दीर म्हणायचा तो नुसता नात्यानं. प्रयागबाई नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा सासू नुकतीच गेली होती, आणि आईविना पोरका झालेला चंपत दाराच्या चौकटीला धरून कसाबसा उभा राहत होता. हळदीच्या अंगानं तिनं त्याला कडेवर घेतलं, ते जणू कायमचंच. तिची स्वतःची कूस पुढं उजवली नाही, पण मांडी कधी रिकामी राहिली नाही. आणि आज तीच प्रयागबाई... गिरजेच्या मनात एकाएकी भलतंच आलं. भाकर बंद होते ती एक तर माणूस घरी आल्यावर, नाहीतर...

“बाई! बसऱ्याहून काई वाईट बातमी आली काय? त्याइले काई झालं काय? तुमाले माही शपथ हाय, सांगा मले!”

“अवं मेले, काई झालं नाई त्याले!” प्रयागबाई अशी किंचाळली की अंगणात खेळणारी गिरजेची लहानगी चतुरा दचकून दारात आली. त्या एका वाक्यात प्रयागबाईचा सगळा जीव होता. पण लगेच तिनं आपला स्वर दगडासारखा केला. “तो धडधाकट हाय. तठी पैसा कमावून राह्यला. अन् आमी अठी त्याच्या बायकोले अन् पोरीले कायले पोसावं? आजपासून तुही चूल वेगळी. अन् दुसरी चूल मांडाले या घरात जागा नाई. जऊळक्याले जाय, तुह्या मायच्या घरी.”

गिरजा बघतच राहिली. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात जिनं तिला हातांवर झेललं, स्वतःच्या हातानं डिंकाचे लाडू भरवले, ती ही बाई? गिरजा रडली नाही. तिला रडूही सुचलं नाही, इतकी ती गोंधळून गेली होती. टोपलीतली ती पहिली भाकर इतर भाकरींखाली झाकली गेली तरी तिची नजर तिथंच होती.

खरं सांगायचं तर त्या घरात त्या दिवशी सर्वांत जास्त गोंधळलेली होती ती प्रयागबाईच.

चारच दिवस झाले होते. टपालवाल्यानं सरकारी शिक्क्याचा एक कागद आणून दिला होता. पुंजाजीनं तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि नवराबायको कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या रामराव अर्जनविसाकडं गेली. रामरावांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत चष्मा पुसला.

“पुंजाजी, ही इन्कमटॅक्सवाल्यांची चौकशी आहे. चंपत बसऱ्याच्या फौजेला भाजी पुरवतो, त्या ठेक्यात प्रेमसिंगचा भागीदार आहे. त्याची तिथली कमाई इथल्या करात धरायची की नाही, ते विचारताहेत.”

प्रेमसिंग हा फौजेचा ठेकेदार. वाशिमच्या बाजारात चंपतची वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पाहून तो थक्क झाला होता. “वाळूत अशी भाजी पिकवून दाखव, निम्मा ठेका तुझा,” असं म्हणून त्यानं चंपतला समुद्रापार नेलं, आणि चंपतनं खरोखरच तिथल्या खाऱ्या मातीत वांगी उगवून दाखवली.

“तठची कमाई तठीच धरा म्हना त्याइले,” पुंजाजी म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

“असं तुम्ही म्हणून चालतं का?”

“काहून नाई चालत?” प्रयागबाई पुढं सरसावली. “सरकारच्याच पलटनीले माहं पोर भाजी खाऊ घालते, अन् सरकारच त्याच्यापासून कर मांगते? हे कोनतं वागनं बाप्पा? शिपायाले मांगते काय?”

“शिपायाची गोष्ट निराळी, ठेकेदाराची निराळी.” रामराव खालच्या आवाजात सांगू लागले. “बाई, सवाल एकच आहे. चंपत राहणारा कुठला? सरकारचं साल चैत्राच्या सुमाराला सुरू होतं. त्या सालात माणूस एकदा का होईना इथं येऊन गेला, आणि त्याच सालात सहा महिने त्याच्यासाठी इथं घर राखलेलं असलं, तर तो इथलाच. मग बसऱ्याची सारी कमाई करात आली म्हणून समजा.”

येऊन तर तो गेला होता! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस येऊन, चतुराला खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली हिंडला होता, आणि प्रयागबाईनं घरोघर जिलबी वाटली होती. ती जिलबी आता कोण कुणाच्या पोटातून काढणार?

“येणं पुसता येत नाही,” रामराव म्हणाले, “राहिलं घर. सहा महिने व्हायला अजून अवकाश आहे. त्याआधी त्याचं घर इथून मोडलं, खरंखुरं मोडलं, तर तो सुटतो.”

“घर राखनं म्हंजे काय वो?”

“म्हणजे... त्याची खोली, त्याची बायकापोरं, त्याची चूल. तो येईल म्हणून त्याची वाट पाहणारी जागा. तुमची ती पहिली भाकर घ्या ना! साऱ्या वाशिमला ठाऊक आहे. उद्या साहेबानं शेजारपाजारी विचारलं, तर पहिल्यांदा तीच सांगतील.”

प्रयागबाई थिजली. ज्या भाकरीनं पोर उपाशी राहू नये म्हणून ती देवाला साकडं घालत होती, तीच भाकर पोराच्या तोंडचा घास काढणार होती? माणसाला घर असणं, हा काय गुन्हा झाला? तिनं रामरावांना तीनदा विचारलं, रामरावांनी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिला पहिल्यापेक्षाही कमी कळलं. एवढं मात्र कळलं, की कर बसला तर मळा गेला.

मळा! गावाबाहेरचा, बारमाही पाण्याच्या विहिरीचा तो मळा. पुंजाजीच्या आज्यापासून हे घर तो खंडानं कसत आलं होतं, आणि मंगरूळपीरचा मालक आता तो विकायला काढत होता. लहानपणी मोटेच्या धारेखाली न्हाताना चंपत म्हणायचा, “वयनी, मोठा झालो का हे इहीर तुह्या नावानं घेतो. मंग तू मालकीन, अन् म्या तुहा गडी!” त्या एका बोलापायी पोरगं समुद्र ओलांडून गेलं होतं, आणि लढाई संपताच तो बोल खरा करणार होतं.

“चंपतलेच लिवा ना,” पुंजाजीनं सुचवलं.

“त्याची पत्रं फौजवाले फोडून वाचतात. असलं काही लिहिलं तर बालंट त्याच्यावरच यायचं. आणि बाई...” रामरावांनी चष्म्यावरून पाहिलं, “नाटक करू नका. गिरजेला सांगितलंत, तर ती बोलून जाईल. ती साधी पोर आहे.”

हे खरंच होतं. खोटं बोलायची वेळ आली की गिरजेचे कान लाल होत. तिला कळलं की साऱ्या माळीपुऱ्याला कळलं! घरी येताना वेशीपाशी आल्यावर प्रयागबाईनं नवऱ्याला एवढंच म्हटलं, “तुमी तोंड उघडाचं नाई. उघडलं तर माह्या गळ्याची शपथ हाय. जे बोल लागन ते मले लागन.” पुंजाजीनं नेहमीसारखी मान हलवली. त्याची मान हो म्हणते की नाही म्हणते, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला समजलं नव्हतं.

आणि म्हणून त्या सकाळी ती भाकर टोपलीत पडली.

दुपारी पुंजाजीनं बंडी जुंपली. गिरजा एक गाठोडं आणि चतुराला घेऊन बसली. स्टेशनाकडं निघताना चतुरानं बंडीतून दोन्ही हात पुढं केले आणि “मोठी माय... मोठी माय...” म्हणून भोकाड पसरलं. प्रयागबाई दारात उभी होती. तिचे हात आपोआप वर आले, पण तिनं ते पदराखाली दाबून धरले! समोरच्या रंगूबाईनं कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं, आणि दिवे लागायच्या आत माळीपुऱ्यात घरोघर कळलं, की दिराच्या जिवावर मजा मारणाऱ्या प्रयागबाईनं धाकट्या जावेला लेकरासकट बाहेर काढलं.

“पोटचं नाई ना, म्हनून,” रंगूबाई विहिरीवर मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “वांझेले काय कळन लेकराचं!”

प्रयागबाईच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि मान ताठ ठेवून घरी आली. घरात आल्यावर मात्र चंपतच्या खोलीची कडी लावून ती तिथंच भुईवर बसली, आणि पदर तोंडात कोंबून अशी रडली, अशी रडली... की त्या बिचारीच्या उरातला हुंदका बाहेर यायलाही वाट सापडली नाही. मग उठली. चंपतची खाट तिनं माळ्यावर टाकली, गिरजेची पेटी पुंजाजीबरोबर जऊळक्याला धाडली, आणि रिकाम्या खोलीत कांदा पसरला. कुणी डोकावलं तर दिसावं, की इथं माणसाचं नव्हे, कांद्याचं बिऱ्हाड आहे.

सगळं मोडलं. पण एक गोष्ट तिला काही मोडता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली भाकर पुन्हा टोपलीत टाकली. तिसऱ्या दिवशी तिनं ती टाकली, उचलली, परत टाकली. चौथ्या दिवशी तिनं भाकर फडक्यात गुंडाळून पदराआड घेतली, मळ्यावर गेली, आणि मोटेच्या धवळ्या बैलाच्या तोंडाशी धरली. “खाय रे बाप्पा,” ती त्याच्या कानाशी लागली, “त्याच्या नावाची हाय. कोनाले सांगू नोको.” आपण हे बरोबर करतो की चूक, सरकारला फसवतो की देवाला, तिला काहीच उमजत नव्हतं. घर मोडलंय, असं ती जगाला ओरडून सांगत होती, आणि ते मोडू नये म्हणून रोज बैलाच्या पाया पडत होती!

अकोल्याहून चौकशीला माणूस आला. त्यानं रंगूबाईला विचारलं, आणखी चौघींना विचारलं, कांद्याची खोली पाहिली. साऱ्यांनी एकमुखानं प्रयागबाईला शिव्या दिल्या. त्या प्रत्येक शिवीनं मळ्याची विहीर थोडी थोडी जवळ येत होती, म्हणून प्रयागबाई त्या गोड मानून घेत होती. पण गिरजेच्या भावानं बसऱ्याला काय लिहिलं असेल ते लिहिलं, आणि त्यानंतर चंपतचं पत्र कधी आलं नाही. ना दिवाळीला, ना संक्रांतीला. टपालवाला दारावरून पुढं जायचा, आणि प्रयागबाई निवडलेली मेथी परत निवडायला घ्यायची.

लढाई संपली. पुढच्या थंडीत कर-साहेबाचा मुक्काम वाशिमच्या डाकबंगल्यात पडला, आणि पुंजाजी-प्रयागबाईला साक्षीला बोलावणं आलं. चंपतलाही बोलावणं गेलं होतं, पण तो अजून वाटेतच आहे, असं रामरावांनी ऐकलं होतं. ते ऐकून प्रयागबाईला हायसं वाटलं. त्याच्या तोंडादेखत तिला ते खोटं बोलता आलं नसतं.

साहेब मराठी बोलणारे होते, वयानं पोक्त. टेबलापलीकडून त्यांनी विचारलं, “बाई, तुमच्या दिराचं या घरात काय आहे?”

“काई नाई, सायेब.”

“खोली?”

“कांदा भरला हाय.”

“त्याची बायको?”

“म्या हाकलून देल्ली.” प्रयागबाई टेबलाकडं पाहत म्हणाली, “त्याचं अठी काईच नाई. ना घर, ना चूल. त्याचा अन् आमचा संबंध तुटला...”

मागं व्हरांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. दारात चंपत उभा होता!

उन्हानं काळवंडलेला, अंगात खाकी कोट, खांद्यावरची पेटी निसटून पायाशी पडलेली. मागं गिरजा, तिच्या कडेवर चतुरा. जऊळक्याला उतरून बायकोलेकीला घेऊन तो तसाच, थेट इथंच आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“वयनी...” तो म्हणाला. एवढा उंचापुरा माणूस, पण आवाज चौकटीला धरून उभ्या असलेल्या त्या पोराचा! “म्या तुह्यं काय केलं वं?”

प्रयागबाईनं तोंड फिरवलं. रामराव कोपऱ्यातून चंपतला हातानं खुणावू लागले, की गप्प राहा, बाबा, गप्प राहा. चंपतला त्या खुणा दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता.

“गिरजेच्या भावाचं पत्र आलं, पन म्या मानलं नाई,” तो पुढं आला. “फौजेतले लोक म्हनत, घरचे बदलते, पैसा पाह्यला का बदलते. म्या म्हनलं, माही वयनी नाई बदलत. मंग राग आला, म्हनून लिवलं नाई. पन मनात होतं का समोर गेलो का ते म्हनन, येड्या, खोटं हाय... अन् तू सायेबासमोर सांगून राह्यली का माहं अठी काईच नाई?”

“नाईच!” ती भिंतीकडं पाहून म्हणाली.

“मंग माह्याकडं पाहून सांग.” चंपत तिच्या पुढ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. “एकच सांग. पह्यली भाकर कोनाच्या नावाची टाकते तू?”

प्रयागबाईचे ओठ हलले. ‘कोनाच्याच नाई’ हे दोनच शब्द! मळा त्या दोन शब्दांच्या पलीकडं होता. सरकारशी ती खोटं बोलली असती, जगाशी बोलत आली होती, पण भाकरीशी? त्या भाकरीवरच तर तिनं हे लेकरू परदेशात जगवलं होतं! आज ती खोटं बोलली आणि उद्या त्याच्या पायात काटा जरी मोडला...

तिला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. आणि तेवढ्यात, जो माणूस आयुष्यात चारचौघांत कधी बोलला नव्हता, तो पुंजाजी खाकरला.

“सायेब,” तो म्हणाला, “ते भाकर आमचा धवळ्या बैल खाते. रोज. हे पदराखाली लपवून नेते, अन् त्याले म्हनते, चंपतच्या नावाची हाय. म्या पाह्यलं.”

“अवो! तुमाले शपथ घातली होती ना माही!”

“तोंड न उघडाची घातली होती. म्या लय दिवस नाई उघडलं.” पुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. “आता नाई पाहवत.”

प्रयागबाईचा सारा बांधच फुटला! ती चंपतच्या खांद्यावर कोसळली, त्याच्या पाठीवर बुक्क्या मारू लागली, रडू लागली, बोलू लागली. कागद, रामराव, सहा महिने, जिलबी, कांदा, विहीर... सगळं एकात एक. कुणाला काही समजेना. शेवटी साहेबांनीच चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. “तुमच्या वहिनीच्या या साक्षीनं तुमची परदेशची कमाई करातून सुटत होती. तुमच्यासाठी इथं घर राखलेलं नव्हतं, असं मला नोंदवता आलं असतं. बैलाच्या भाकरीवर मी काही कर बसवत नाही. पण तुम्ही स्वतः आता हजर आहात, तेव्हा तुमचंच म्हणणं मला लिहावं लागेल. विचार करून सांगा. त्या साली तुमचं घर इथं होतं का?”

चंपत उठून उभा राहिला. त्यानं रामरावांकडं पाहिलं. रामराव आता खुणावत नव्हते, खाली मान घालून बसले होते. त्यानं गिरजेकडं पाहिलं. तिचे कान लाल झाले होते, पण खोट्यापायी नव्हे, रडू आवरण्यापायी.

“चंपत,” प्रयागबाई पुटपुटली, “नाई म्हन. माहं आइक. इहीर जाईन रे... नाई म्हन!”

“लिवा सायेब,” चंपत म्हणाला, “होतं. माहं घर अठीच होतं. माह्या वयनीनं राखलं होतं. एक दिस सुदा मोडलं नव्हतं.”

साहेबांनी दौतीत टाक बुडवला. “कर चुकवायला भांडणारे मी रोज पाहतो. कर लावून घ्यायला भांडणारा पहिलाच.” आणि त्यांनी लिहिलं.

“येड्या!” प्रयागबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “अरे येड्या! म्या एवढ्या शिव्या खाल्ल्या, लेकराले दूर लोटलं, अन् तू एका बोलात सगळं मातीत घातलं! आता मळा कुठी? इहीर कुठी?”

“इहीर दुसऱ्या कोनाची झाली, तरी पानी तर तेच राह्यते ना, वयनी,” तो म्हणाला. “खंडानं करत होतो, खंडानं करू. पन उद्या कोनी म्हनलं का चंपतले घर नव्हतं, तर म्या कोनाच्या दारात जाऊन मरू?”

प्रयागबाई हरली की जिंकली, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. परतीच्या वाटेवर बंडीत चतुरा तिच्या मांडीवर येऊन बसली, तेव्हाही ते कळलं नाही. तिनं फक्त त्या पोरीचं डोकं छातीशी घट्ट धरून ठेवलं.

मळा दुसऱ्यानं घेतला, पुढं कसायला यांनाच दिला. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मात्र चंपतनं खोलीतला कांदा पोत्यात भरला, माळ्यावरची खाट उतरवली, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या रंगूबाईला गिरजेनं अशी काही सुनावली, की ती आल्या पावली परत गेली. चूल पेटली. प्रयागबाई तव्यापुढं बसली. पहिली भाकर फुगली, तिनं ती उतरवली, आणि तिचा हात सवयीनं पदराकडं वळून मधेच अडला. आता ही कुणाच्या नावाची? सगळे तर घरात होते!

गिरजेनं ती भाकर तिच्या हातातून घेतली. ताटलीत ठेवली, तिच्यावर लोण्याचा गोळा घातला, आणि ताटली प्रयागबाईच्याच पुढ्यात ठेवली.

“हे काय वं?”

“जे मानूस घरापासून दूर राह्यते, त्याच्या नावाची ना पह्यली भाकर?” गिरजा म्हणाली. “एवढे दिस आमी जऊळक्याले होतो, ते बसऱ्याले होते. पन सगळ्याइहून दूर तुमी होत्या, बाई. आज आल्या. जेवा.”

प्रयागबाई त्या भाकरीकडं कितीतरी वेळ पाहत राहिली. तव्यावरची दुसरी भाकर करपली, तरी कुणी तिला टोकलं नाही. मग तिनं एक तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, आणि डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत येऊ देत ती पुंजाजीवर खेकसली, “पाहत काय बसले? मीठ द्या अठी. पिठात मीठच नाई टाकलं म्या.”